अनवट स्थळांच्या शोधकांस खुले पत्र

प्रति,
जुलैच्या रविवारी पनवेलजवळचे सुकापूर ओलांडून गाढेश्वरकडे निघणारे समस्त पर्यटक महोदय यांस,


'अनवट स्थळ', म्हणजे ज्याची वार्ता अद्याप शेजाऱ्यास लागलेली नाही असे ठिकाण, हुडकून काढल्याबद्दल पर्यटक महोदयांचे प्रथम अभिनंदन करणे प्राप्त आहे. नेऱ्याच्या वाटेवर त्यांच्या पुढेमागे खोळंबलेल्या प्रत्येक वाहनास तोच शोध त्याच सकाळी लागलेला असतो, एवढ्याने त्याचे मोल कमी होत नाही. गाढेश्वरचे, म्हणजे गाढी नदीवरचे देहरंग धरण पनवेलकरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले आहे आणि पावसाळ्यात तेथे मनाई आदेश लागू होतो, ही बाब अर्थातच किरकोळ.

याच दिवसांत रस्त्यालगत भाताची लावणी चाललेली असते. उपटलेल्या आवणाच्या, म्हणजे भाताच्या कोवळ्या रोपांच्या, जुड्या बांधावर रचलेल्या असतात आणि वाहन वळविताना पुढचे चाक नेमके तेथेच चढते. बांध फुटतो, खाचरातले पाणी वाहून जाते, आणि चाकाची नक्षी तेवढी पुढच्या रविवारपर्यंत चिखलात शाबूत राहते.

हंगाम सुट्टीवरून ठरत नाही. त्या भूमीवर त्या महिन्यात काय घडते, यावरून ठरतो. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात कोकणात 'ताजी मासळी' मागणे हा पर्यटनाचा नव्हे, श्रद्धेचा विषय आहे. याउलट मंडणगड तालुक्यातील वेळासला, जेथे 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने सागरी कासवांची अंडी राखली, तेथे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिल्ले समुद्राकडे सरकताना दिसतात. अंडी सुमारे 50 दिवस वाळूच्या उबेवर वाढत असल्याने पिल्लू नेमके कोणत्या दिवशी निघेल हे सांगता येत नाही, आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांची माहिती कासवांस नसते. घाटावर भिगवणला उजनी धरणाचे पाणी ओसरून उथळ चिखल उघडा पडला, की हिवाळ्यात रोहित पक्षी त्यात चोची घालून चरतात. सोबत दुर्बीण असावी, ध्वनिक्षेपक नसावा.

गाढेश्वरचाच आग्रह असेल, तर महोदयांनी डिसेंबरात यावे. तेव्हा भात कापून झालेले असते, प्रबळगडाचा कडा धुक्याबाहेर स्वच्छ दिसतो, आणि सुकापूरच्या रस्त्यावर वळायलाही जागा असते.