चिखलाची जर्सी आणि २७० तोळे

चार दिवसांनी उघडीप मिळाली म्हणून मागच्या भिंतीवर भाच्याची जर्सी वाळत टाकली. उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधली आमची भिंत छातीइतकीच. बातमीला तेवढी पुरते. पलीकडून भाभींचं डोकं वर आलं.

"ताई, मुलगा म्हशी धुवायला जातो काय?"

"रग्बी, भाभी. अंबरनाथहून पहाटेची लोकल पकडतो. क्रिकेटवाले पावसाला भिऊन घरी बसले की यांचा हंगाम. पडलं तरी माती मऊ."

"म्हणजे तो लांबट चेंडू घेऊन पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर पडायचं? ते तर आमचे हे रोज लोकलमध्ये खेळतात. चेंडूऐवजी डबा."

हसू आवरून मी सांगितलं, की पोरगा जातो ते मैदान फॅशन स्ट्रीटजवळ, १८७५ च्या बॉम्बे जिमखान्याच्या शेजारी. जिमखान्यातल्याच एका इंग्रज खेळाडूने तिथल्या रस्त्यावरच्या पोरांना रग्बी शिकवली, त्यातून १९९९ मध्ये मॅजिक बस ही संस्था झाली. भाभींना एवढंच ऐकू आलं: "फॅशन स्ट्रीट? आमच्या गाळ्यातल्या जीन्स तिथंच जातात!"

मग मी रग्बीच्या कलकत्ता कपाची गोष्ट काढली. सराफाची सून ती, चांदी म्हटल्यावर हातातलं काम सोडून भिंतीला टेकली.

"कलकत्त्यात १८७२ च्या नाताळात गोरे पहिल्यांदा खेळले, महिन्याभरात क्लब काढला. बारमध्ये दारू फुकट होती तोवर मेंबर. फुकट बंद झाली आणि मेंबर गळायला लागले."

"आमच्या गल्लीतल्या मंडळासारखंच. शिरा संपला की आरतीला कोणी नाही."

"त्यात तिथला उकाडा. लोक टेनिस नि पोलोकडे वळले. शेवटी क्लब मोडला, बँकेतले पैसे चांदीच्या रुपयांत काढले आणि वितळवून कप घडवला. तीन नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती."

"किती रुपये?"

"२७०."

भाभींची बोटं पदरावर चालायला लागली. "राणीछाप रुपया म्हणजे बरोबर एक तोळा. बारा भागांत अकरा चांदी. २७० तोळे म्हणजे तीन किलोच्या वर! घट किती धरली?"

ते मला काय माहीत! मी पुढे गेले. "कप विलायतेला पाठवला. क्लबवाल्यांची इच्छा, दरवर्षी तिकडच्या क्लबांनी त्यासाठी खेळावं. तिकडच्यांनी तो इंग्लंड-स्कॉटलंडच्या सामन्याला लावला. १८७९ चा पहिला सामना बरोबरीत."

"म्हणजे चांदी क्लबची आणि क्लबांना ठेंगा?"

"हो ना. १८८४ मध्ये क्लब पुन्हा उभा राहिला, तेव्हा १८९० मध्ये इथल्या क्लबांसाठी वेगळा कप ठेवावा लागला." आवाज खाली आणून म्हटलं, "आणि १९८८ मध्ये दोन खेळाडूंनी तो जुना कप रात्री एडिंबरोच्या रस्त्यावर नेऊन चेंडूसारखा उडवला. पोचे आले."

"झुलेलाल!" भाभींनी कपाळाला हात लावला. घरचं भांडं पडल्यासारखा चेहरा. मग जर्सी ओढून काखेतली उसवलेली शिवण उजेडात धरली.

"ही द्या इकडे. जीन्सच्या दोऱ्याने दुहेरी मारते. आणि पोराला सांगा, कप जिंकलास तर आधी इथं आण. काट्यावर ठेवून बघू."