खिशातली गाडी

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाने रुमालासाठी खिशात हात घातला आणि रुमालाबरोबर एक फ्यूज, गिअरच्या दांड्याचा काळा गोळा आणि वीतभर वायर पत्रावळीवर पडली, तर तो माणूस कोण हे तुम्हाला सांगायला नको. असा एकजण प्रत्येक तालुक्यात असतो. आमच्या मोखाड्याकडचे मामा हा त्यातला अस्सल नमुना. ते सख्खे मामा कुणाचे हे मला अजून कळलेलं नाही. जव्हारपासून खोडाळ्यापर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणतात. गाडी पांढरी पिकअप. हौद्यात कधी मोगरा, कधी सिमेंट, कधी वऱ्हाड. दिवाळी झाली की वीटभट्टीवर निघालेली बिऱ्हाडं, कोंबड्यांसकट. उन्हाळ्यात पाण्याची टाकी, कारण मुंबईला पाणी पाजणारं मध्य वैतरणेचं धरण आमच्याच तालुक्यात असलं तरी पाड्यांना पाणी मामाच पाजतात. गाडी सोडून मामा दहा पावलं लांब गेले, की तिचा एखादा अवयव त्यांच्याबरोबर निघतो.

नुसतं लॉक करून जाणाऱ्यांची त्यांना कीव येते. "चावी काय, चोर पण बनवून आणल. पार्ट कुठनं आणल?"

पार्ट किती काढायचे याचा त्यांचा दर ठरलेला आहे. चहाला फ्यूज. जेवणाला फ्यूज आणि रिले. नाशिकला मुक्काम पडला तर बॅटरीची वायर. तीही काळी आधी, लाल मागून. लाल आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर दिवाळी होते, हे त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितलं आहे. गिअरचा गोळा काढून चोर अडत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. "पण त्याला वाईट तर वाटल ना!"

एकदा मोगरा घेऊन आम्ही नाशिकला निघालो होतो. पहाटे खुडलेली कळी बाजारात कळी म्हणूनच पोचली पाहिजे. उमललेल्या फुलाला भाव नाही. मोखाड्याला चहासाठी थांबलो. फ्यूज निघाला. चहा झाला. फ्यूज सापडेना. शर्टाचा खिसा, विजारीचे दोन, आतल्या बनियनचा चोरखिसा, सगळं झालं. हॉटेलवाल्याने पिंपात हात घालून पाहिला. क्लीनर पोरगा टेबलाखाली गेला तो वर येईना. ऊन चढू लागलं आणि हौद्यातल्या कळ्यांनी एकेक करत तोंड उघडलं. अत्तराचं दुकान फुटावं तसा वास स्टँडभर पसरला. एसटीतली माणसं खिडकीतून माना बाहेर काढून कुणाचं लग्न म्हणून विचारायला लागली. तासाभराने हॉटेलवाल्याच्या म्हातारीने दाखवून दिलं. फ्यूज मामांच्या कानावर होता, विडी ठेवतात तिथे.

बोहाड्याच्या रात्री तर कहर झाला. मामांचं सोंग होतं. सोंगाच्या पोशाखाला खिसा नसतो. सबंध गाव संबळाच्या तालावर रात्र जागवत होतं आणि मी, सरकारी नोकरीतला माणूस, दोन्ही मुठींत एकेक रिले धरून उभा. टाळी वाजवायचीसुद्धा सोय नाही. मधेच तो भला मोठा लाकडी मुखवटा नाचत नाचत माझ्यापुढे आला. लोकांनी देवाने दर्शन दिलं म्हणून हात जोडले. मुखवट्याच्या आतून आवाज आला, "हायत ना दोनी?"

कायद्याचाही त्यांचा अभ्यास आहे. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा तालुक्यात ती पहिल्यांदा वाचून कुणी घेतली असेल तर मामांनी. वाचणारा अर्थात मी. जुनं 379 गेलं, साधी चोरी 303 मध्ये आली. माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या वाहनाची चोरी मात्र 305 मध्ये, आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा. हे ऐकल्यावर मामांची छाती फुगली. "म्हंजे माझी गाडी चोरली तर सात, आन् तुमची फटफटी चोरली तर तीनच!" माझी मोटारसायकल मलाच वाहते, म्हणजे मीही प्रवासीच, असा मुद्दा मी काढला. त्यांनी तो फेटाळला. पुढे त्याच वर्षी माझी मोटारसायकल नाशिकला खरोखर गेली. मी तोंड पाडून परतलो, तर सांत्वनाऐवजी प्रश्न आला, "पार्ट काढलावता काय?" मग विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते हे सांगून वर विचारलं, दुसरी कुठं आहे? दुसरी मी तिच्याच डिकीत ठेवली होती. मामा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

जव्हारला हनुमान पॉइंटवर पर्यटक दरी बघतात, मामा त्यांच्या गाड्या बघतात. उतारावर नुसत्या हँडब्रेकवर सोडलेली गाडी दिसली की तिच्या मालकाला हुडकून काढायचं आणि त्याच्या बायकोसमोर शिकवायचं. तोंड चढाला असेल तर पहिला गिअर टाकून ठेवा, उताराला असेल तर रिव्हर्स, चाकाला दगड लावा, स्टीअरिंग डोंगराच्या बाजूला मोडा. चाव्या आत ठेवून फोटो काढायला धावलेल्या एका गृहस्थाच्या चाव्या त्यांनी मुकाट्याने खिशात घातल्या, त्याला पाच मिनिटं घाम फोडला आणि मग परत दिल्या. तो चिडला. मामा म्हणाले, "चोर असता तर चिडायला कोण उरला असता तुमच्यापुढं?"

मलाही गाडी त्यांनीच शिकवली, तोरंगण घाटात. चढावर गाडी उचलायची तर हँडब्रेक ओढलेला ठेवून क्लच हळूहळू सोडायचा, बोनेट जरासं उचलतं, तोच क्षण. "म्हैस उठायच्या आधी जरा हलते ना, तसं." उताराला न्यूट्रल मारणाऱ्याला ते खुनी समजतात. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, नाहीतर ब्रेक तापून हातचा जाईल. हे सगळं त्यांनी शिकवलं, पण स्वतःच्या गाडीचा कुठला फ्यूज कुठे बसतो, हे विचारलं की मामांना ऐकू येईनासं व्हायचं. मी ते मनाला लावून घेतलं होतं, खोटं कशाला बोला.

म्हणून गेल्या मे महिन्यात मामा एक कोरा पुठ्ठा आणि मार्कर घेऊन शाळेत आले तेव्हा मी चकितच झालो. आधीच्या मास्तरांनी लिहिलेला भिजला होता. पावसाच्या आत नवीन हवा, मोठ्या अक्षरात, जोडाक्षरं कमी. आणि ते सांगू लागले. गिअर हलवून बघ, सैल लागला म्हणजे न्यूट्रल. क्लच पुरता दाब. चावी अर्धी फिरवून थांब. पिवळी कॉइल विझली की मगच सेल मार. स्टीअरिंगजवळची दांडी पुढून फिरवली की दिवे लागतात. हँडब्रेक सोडायच्या आधी मागं वळून विचार, बसली का नीट. पहिल्या गिअरला काढ, रेस जोरात नको. ओहोळाच्या उताराला दुसरा, हौद्यातल्या माणसाला हिसका बसू देऊ नको.

जो माणूस चहाच्या एका कपासाठी गाडीचं काळीज काढून नेतो, तो ती कशी पळवावी हे पुठ्ठ्यावर लिहून घेत होता! माझ्यातला मास्तर मात्र व्याकरणावर अडला. "मामा, 'बसली' कसं? 'बसले का' लिहू या. कुणीही असेल."

"बसलीच लिवा," मामा म्हणाले.

जूनमध्ये पावसाने ओढा चढला म्हणून मी त्यांच्या पाड्यावर अडकलो आणि रात्री बघितलं. पिकअप अंगणात, तोंड रस्त्याकडे. दार उघडं. चावी लावलेली. फ्यूज, रिले, वायर, सगळं आपापल्या जागी. हौद्यावर ताडपत्री, आत गवताची गादी आणि गोधडी. आरशाला माझ्या अक्षरातला पुठ्ठा, प्लास्टिकच्या पिशवीत. मामा घरात घोरत होते.

त्यांच्या बायकोने सांगितलं. सातेक वर्षांपूर्वीची अशीच रात्र. मामा एसटीने नाशिकला गेले होते, आजारी भावाला बघायला. पाड्यातल्या एका पोरीच्या पोटात कळा सुरू झाल्या. चालवता येणारी दोन पोरं होती, चावी खुंटीला होती, डिझेल होतं. पोरांनी चावी फिरवली; गाडी हूं की चूं करीना. रिले नाशिकला, मामांच्या खिशात. शेवटी पोरीला चादरीच्या झोळीत घालून, झोळी बांबूला बांधून, जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयाकडे जायच्या डांबरी रस्त्यापर्यंत चालत नेलं. बाळ वाटेतच झालं, पावसात. दोघंही वाचली, त्यात गाडीचा काही वाटा नव्हता. ते बाळ आता माझ्या पहिलीच्या वर्गात आहे, खिडकीकडच्या रांगेत.

पाऊस उघडला. मामा सकाळी मला मोखाड्याला सोडायला आले, चहाला थांबले आणि बोनेट उघडून फ्यूज काढला. मी काही बोललो नाही. "बाजार हाय मास्तर," ते आपणहून म्हणाले, "पाडा नाय."

परवा शाळेत तांदळाची पोती टाकायला आले होते. दहा मिनिटांचं काम, दराप्रमाणे एक फ्यूज. माझा दोनचा पाढा चालू होता. बघतो तर खिडकीकडचा तो पोरगा एका हाताची बोटं मोडतोय आणि दुसरी मूठ घट्ट मिटलेली. गोट्या असणार म्हणून मी दरडावलं, काय आहे रे हातात?

त्याने मूठ आणखी आवळली. "मामांची गाडी."