साधी पत्रिका, चार कलर

लग्न साधेपणानं करायचं ठरलं की पहिला खर्च वाढतो तो पत्रिकेचा. थाटामाटाच्या लग्नाचं बरं असतं. दुकानात जायचं, अल्बम चाळायचा, सोनेरी गणपतीवर बोट ठेवायचं, नावं लिहून द्यायची, आगाऊ रक्कम मोजली की सुटलो. साधेपणाला मात्र डिझाइन लागतं.

पुण्यातलंच एक घर घ्या. मुलगा-मुलगी दोघंही नोकरदार, दोघांची मतं ठाम. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची, संध्याकाळी जवळच्यांना जेवण, पूजाबिजा काही नाही. १९५४ चा हा कायदा तसा समजूतदार आहे. तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढ्यावर तो माणसाला संसाराला लावतो. ही नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. म्हणजे तीही एक पत्रिकाच झाली, फक्त तिच्यात मामांची नावं नसतात. ज्यांना रुसायचंच आहे, त्यांच्यासाठी हरकत नोंदवायची सोय वेगळी आहे.

पण “चार लोकांना कळवायला काहीतरी नको का?” असं मुलीची आई म्हणाली आणि मुलीनं घरीच पत्रिका करायला घेतली. जलरंगात स्वतः सोनचाफा काढला. मजकूर एवढाच: दोघांची नावं, तारीख, जागा आणि खाली ‘जेवायला या’.

मजकूर घरात फिरला. आजीला वर कुलदैवत हवं होतं, आणि घराणी दोन असल्यामुळे एका कुलदैवतावर भागेना. वडिलांना नावापुढे पदवी हवी होती. फी त्यांनी भरली होती. थोरल्या मामांनी काहीच मागितलं नाही. “माझं नाव नसलं तरी चालेल,” एवढंच म्हणाले, आणि घरातल्या सगळ्यांनी घाईघाईनं पेनं शोधली. मामा आले म्हणून काका आले, काका आले म्हणून आत्याचे यजमान आले, आणि ज्यांना येणं शक्यच नाही तेही ‘कै.’ लावून आले. रजिस्टर लग्नाला मुहूर्त कशाला, यावर “निदान अक्षता तरी टाकू” असं उत्तर मिळालं आणि १२ वाजून ३७ मिनिटं ही वेळ पक्की झाली. शेवटी ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ या ओळीखाली सात महिन्यांच्या बाळाचं नाव गेलं. सबंध घरात आग्रह न धरलेलं तेवढं एकच माणूस.

मग छापखाना. पेठेतलं दुकान, काउंटरच्या काचेखाली पिवळ्या पडलेल्या पत्रिका, भिंतीवर पाटी: ‘प्रूफ पास केल्यावर राहिलेल्या चुकांस आम्ही जबाबदार नाही.’

“फाइल कुठाय?”

“व्हॉट्सअ‍ॅप करते ना काका.”

“त्यावरून नको, फाटतं.” मुलगी मोबाइल उलटसुलट करून कुठं फाटलंय ते बघू लागली. “मेल करा. ब्लीड सोडलंय का? नाही? मग कटिंगमध्ये पाकळी जाणार. आणि हे आरजीबीत आहे. सीएमवायके केलं की रंग उतरेल.”

उतरला. पडद्यावर सोनचाफा होता, प्रूफवर त्याला कावीळ झाली होती.

कागद मुलीला हातानं बनवलेला हवा होता. हट्ट काही वाईट नाही. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचं काम १९४० पासून चालू आहे, सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद होतो, झाड तोडावं लागत नाही. पण पाकळ्या घातलेला खरबरीत कागद डिजिटल मशीनला दिला की मशीन तो घेतं आणि परत देत नाही. काकांनी झाकण उघडलं, रोलरला चिकटलेली गुलाबाची वाळकी पाकळी चिमट्यानं सोडवली, काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “याला स्क्रीनच करावं लागेल.” म्हणजे जाळीवर शाई ओतून रबरानं ओढायची, एकेक पत्रिका वाळत घालायची, आणि दर कलरला स्क्रीन वेगळी. हिशेब ऐकल्यावर साधेपणा जरा आणखी साधा झाला. आर्ट कार्ड, ऑफसेट.

काळ्या शाईला आत्याचा विरोध होता. शुभकार्यात काळं नको. हसायचं कारण नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३० च्या दशकात छापखाना काढला, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला शिवत नसत, आणि त्यांच्यासाठी तुपाची शाई करावी लागली असं सांगतात. आत्याचं समाधान चॉकलेटी रंगावर झालं. तूप वाचलं.

खरी गंमत पुढे. मुलीनं मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिला होता, आणि दुकानातलं कोरलड्रॉ कुठल्या सालचं आहे हे विचारायचं नसतं. मजकूर पेस्ट केला मात्र, पहिल्या वेलांट्या एकेक घर पुढे सरकल्या. चिरंजीवांचे ‘चरिंजीव’ झाले, निमंत्रणाचं ‘नमिंत्रण’, आणि लग्नातला ग पाय मोडून वेगळा जाऊन उभा राहिला.

“टेन्शन नका घेऊ ताई,” ऑपरेटर म्हणाला, “श्रीलिपीत परत टाइप मारतो.”

टाइप कसला मारतोय! त्यानं जुनी फाइल उघडली आणि नावं बदलली. फाइलीत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ होतं, ते आलं. ‘वेळेअभावी समक्ष भेटीस येता आले नाही तरी’ होतं, तेही आलं. ‘जेवायला या’ मात्र गेलं, कारण त्या जागी आधीपासून भोजनाची वेळ बसलेली होती. परंपरा आपल्या समाजानं टिकवली असं व्याख्यानांतून ऐकू येतं. समाजाला एवढा वेळ कुठला? ती हा ऑपरेटर टिकवतो, सेव्ह अ‍ॅज करून. स्वागतोत्सुकांमध्ये मागच्या लग्नातलं एक जोडपंही तसंच टिकून राहिलं. प्रूफ दोन्ही घरांत फिरलं. मुलीकडच्यांना ते मुलाकडचे वाटले, मुलाकडच्यांना मुलीकडचे. पास झालं.

“किती काढायच्या?”

“शंभर,” वडील म्हणाले.

काकांनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. “साहेब, प्लेटचा खर्च शंभरला तेवढाच आणि पाचशेला तेवढाच. वरच्या चारशेला म्हटलं तर फक्त कागद पडतो.”

हे गणित जगातल्या कुठल्याही बापाला पटतं. पाचशे ठरल्या. आता एवढ्या छापतोच आहोत तर फुकट का घालवायच्या, म्हणून रात्री यादी काढायला बसले आणि पहाटेपर्यंत पत्रिकांइतकी माणसं जमवली. त्यात सोसायटीचे माजी सेक्रेटरी आले, वडिलांच्या ऑफिसातले निवृत्त लोक आले, ज्यांच्याशी दहा वर्षं बोलणं नाही तेही आले. एवढ्यांना हॉटेलची खोली पुरेना. सकाळी मंगल कार्यालय ठरलं आणि पत्ता बदलायला वडील पुन्हा छापखान्यात गेले.

काकांनी पत्ता बदलून घेतला, शीटवर पत्रिका लावल्या आणि बोटानं कडेची कोरी जागा दाखवली. “ही पट्टी उरतेय. कापून टाकण्यापेक्षा सत्यनारायणाच्या पूजेचं कार्ड बरोब्बर बसतं. वेगळे पैसे नाही लावत. टाकू?”

वडिलांनी तिथूनच घरी फोन लावला.

“अगं, तीर्थप्रसादाची वेळ काय घालायची?”