अर्ज तगडा पाहिजे

पिंपळवंडीत कुणाची शेळी बिबट्यानं नेली की पहिला फोन वनखात्याला जातो आणि दुसरा आप्पांना. कधी कधी क्रम उलटाही असतो. वनरक्षक पोचेपर्यंत आप्पा उसाच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेले असतात. मांडीवर पॅड, पॅडवर कागद, कागदाखाली कार्बन. "शेळी उस्मानाबादी का गावठी? कानात बिल्ला होता का? जिती असताना शेवटची कुणी पाहिली?" पंचनाम्याचं काम सरकारी माणूस पानभर मजकुरात उरकतो, आप्पांच्या अर्जाला जोडपत्रंच सात. सरपंचांचा दाखला, सातबारा, आठ-अ, रेशनकार्डाची झेरॉक्स, शेळीचा हयातीतला फोटो (हा बहुधा कुणाच्या तरी बारशातला, मागे कोपऱ्यात शेळी), आणि एकदा तर शेजाऱ्याचं लेखी निवेदन की मयत शेळी स्वभावानं गरीब होती व तिचं कुणाशीही वैर नव्हतं. भरपाई मिळाली. ती त्या निवेदनामुळेच मिळाली, याबद्दल आप्पांच्या मनात तिळमात्र शंका नाही.

"अर्ज तगडा पाहिजे. दुबळा अर्ज टेबलावरच मरतो," असं ते सांगतात, आणि त्यांना ते माहीत असणारच. सगळी नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्याच्या खिडकीत काढली. कुकडीच्या कालव्याचं पाणी मागणाऱ्याला सात नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तो फॉर्म 'त्रुटी' असा शेरा मारून परत करण्यात त्यांची उमेद गेली. निवृत्तीनंतर ते खिडकीच्या बाहेरच्या बाजूला आले, इतकाच फरक. आयुष्यभर ज्या त्रुटी काढल्या, त्या आता ते बुजवतात. फुकट बुजवतात, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. चहासुद्धा स्वतःचा पाजतात.

खिडकीनं त्यांना दुसरी एक सवय लावली. समोरच्याचं वाक्य ते पुरं होऊ देत नाहीत, स्वतः पुरं करतात. रांग मोठी, शेतकरी बोलणार अडखळत, म्हणून आप्पा त्याच्या तोंडचं वाक्य काढून घेऊन संपवायचे. रांग गेली, सवय राहिली. मी एकदा "आप्पा, तुमच्याकडे जरा" एवढंच म्हणालो, तर "शिडी पाहिजे ना? मागच्या दारी आहे," म्हणून त्यांनी मला शिडी काढून दिली. मी पेपर मागायला गेलो होतो. शिडी घेऊन परत आलो. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा शिडी उचलणं सोपं असतं.

अशा माणसाच्या पुतणीनं वाचा आणि भाषा उपचाराचा विषय घ्यावा, ही नियतीची थट्टाच म्हणायची.

पोरगी हुशार. बारावी सायन्सनंतर पुण्यात राहून तिनं बीएएसएलपी केलं. चार वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मग पुनर्वास परिषदेकडं नाव नोंदवलं. 1992 च्या कायद्यानं ती नोंदणी लागतेच. आपल्याकडं एवढ्यावर काम सुरू करता येतं. घरात चर्चा पुढच्या शिक्षणाची निघाली तेव्हा आधी मैसूरचं नाव आलं. तिथली वाक् व श्रवण संस्था 1965 सालची, या विषयातलं देशातलं मोठं घर. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, 1983 पासूनची. पण दोन्हीकडं प्रवेश परीक्षेवर. पेपर द्यायचा, मार्क पडले की यादीत नाव. यात आप्पांना काही राम वाटेना. "मार्कांवरच घेणार असतील तर अर्जाला अर्थ काय?" म्हणाले.

अमेरिकेचं नाव निघालं आणि आप्पांचे डोळे चमकले. तिथं हे काम करायला मास्टर्सच लागते, आणि प्रवेश एका परीक्षेवर होत नाही. गुणपत्रकं, अनुभव, स्वतःविषयी निवेदन, तीन शिफारसपत्रं असं सगळं सीएसडीकॅस नावाच्या एका सामाईक पोर्टलवर चढवायचं. माणसं बसून ते वाचतात आणि ठरवतात. म्हणजे अर्ज! आप्पांनी त्याच दिवशी आळेफाट्याहून नवी बॉक्स फाइल आणली.

आता हा विषय काय असतो ते गावाला समजावून सांगण्याचं कामही आप्पांनीच अंगावर घेतलं. हॉटेलात बसून ते सांगत, "अरे, हे शास्त्र मूळचं आपलंच. माऊलींनी पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवले का नाही? त्या रेड्याची समाधी कुठाय? आळ्याला! इथून हाकेच्या अंतरावर. म्हणजे या धंद्यातला पहिला पेशंट आपल्या तालुक्यात पुरलाय." हा मुद्दा निवेदनाच्या पहिल्या ओळीत घ्यायचा असंही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पोरगी हसली नाही. "आप्पा, रेडा वेद म्हणाला, पण त्यानं पाणी मागितलं का?" एवढंच विचारलं.

या प्रश्नाला कारण होतं. वरच्या आळीतल्या एका वारकरी आजोबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, वाचा गेली. मेंदूच्या डाव्या बाजूला पुढं जो भाग असतो, तो दुखावला की असं होतं. पॅरिसच्या पॉल ब्रोकानं 1861 साली ते दाखवलं. त्याचा रोगी काहीही विचारलं तरी 'तान' एवढंच म्हणायचा. आमचे आजोबा मात्र संध्याकाळी टाळ वाजले की हरिपाठ धडाधड म्हणत. घरचे म्हणत, बोलतात की! आप्पा म्हणत, ठणठणीत आहेत, नाटक करतायत. आणि तेच आजोबा तहान लागली की तांब्याकडं बघत रडत. पाठ असलेलं, गायलेलं, एक ते दहा आकडे, शिव्या हे सगळं बरेचदा शाबूत राहतं. हवा तो शब्द हवा तेव्हा काढणं जातं. पोरगी सुटीत रोज तासभर त्यांच्यापाशी बसायची. तांब्या समोर ठेवायची आणि थांबायची. बराच वेळ थांबायची. आप्पा तिथं एकदाच गेले. आजोबांनी "पा" म्हणेपर्यंत आप्पांनी पाणी भरून, पाजून, तांब्या विसळून ठेवला. त्यानंतर पोरीनं त्यांना येऊ दिलं नाही.

पण स्वस्थ बसतील तर ते आप्पा कसले? तिकडच्या नियमांत त्यांनी वाचलं की विद्यार्थ्यानं 25 तास निरीक्षण केलेलं असावं. पुढं मिळून 400 तास भरायचे, त्यातले 375 प्रत्यक्ष रुग्णाबरोबरचे. "पंचवीसच? मी तुला पन्नास करून देतो." पुढच्या रविवारी अंगणात मांडव. आप्पा टेबलाशी, पुढ्यात रजिस्टर, कार्डबोर्डाचे टोकन.

माणसं आली, हे मात्र खरं. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात लिलाव पुकारणारा एकजण आला. हंगाम संपला तरी घसा बसलेलाच. तमाशाच्या राहुट्या पडल्या होत्या, तिथली एक गायिका तेच गाऱ्हाणं घेऊन आली. दोघांनाही पोरीनं सांगितलं, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू बघून या, मग माझं काम. एका आजीनं नातवाला आणलं, साडेतीन वर्षांचा. 'राजा'ला 'लाजा' म्हणतो. पोरगी म्हणाली, 'र' उशिराच येतो, म्हणू द्या त्याला लाजा. जेवताना ठसका लागणारे एक तात्या आले आणि गिळण्याचं कामही हिच्याकडंच असतं हे ऐकून आप्पांनी रजिस्टरात नवा रकाना आखला. एक बाई दोन वर्षांची मुलगी घेऊन आली. बोलत नाही, पण घाई नाही, हिचा बापही उशिराच बोलला होता, म्हणाली. पोरीनं मुलीच्या मागं उभं राहून पितळी वाजवली. मुलगी मातीत खेळत राहिली. दुसऱ्या दिवशी पोरगी त्या मायलेकींना स्वतः बरोबर घेऊन पुण्याला गेली, कानाची बेरा चाचणी करायला. त्या दिवशी आप्पांनी रजिस्टर उघडलं नाही. एवढी एक गोष्ट त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

रजिस्टराचं पुढं काही झालं नाही. ते तास चालणार नव्हते. निरीक्षण पात्र तज्ज्ञाच्या देखरेखीखालचं लागतं. "मी होतो ना समक्ष!" आप्पा म्हणाले. प्रत्येक नोंदीखाली 'समक्ष' लिहून त्यांनी सही केलेली होतीच.

मग तो मुलगा. कांदेवाल्यांचा धाकटा, दहा वर्षांचा, अडखळत बोलणारा. मोठ्या माणसांत शंभरात एखादा असतो, लहानपणी त्याहून जास्त, आणि मुलींपेक्षा मुलगे अधिक. अशा वेळी 'सावकाश बोल' म्हणायचं नाही, शब्द पुरवायचे नाहीत, नजर न चुकवता थांबायचं, असं पोरीनं सगळ्या घराला बजावलं होतं. आप्पांनी मान डोलावली होती. एका संध्याकाळी तो धापा टाकत अंगणात आला.

"आप्पा, बि... बि..."

"बिल! लाइटबिल आलं?"

मुलानं मान हलवली. "बि... बि..."

"बियाणं? बिस्किट? बिडी? कोण ओढतंय रे?"

"बि..."

"बिनशेती! तुझ्या बापाला सांग, तलाठ्याकडं जायच्या आधी मला दाखव म्हणावं."

पोरगी ओट्यावरून उठली, मुलासमोर बसली आणि गप्प राहिली. चार-पाच सेकंद गेले असतील. "बिबट्या," मुलगा म्हणाला, "तुमच्या गोठ्यामागं." त्यापुढचे पाच सेकंद आप्पांनी माळ्यावर चढण्यात घालवले. शिडी माझ्याकडंच होती, तरी ते कसे चढले ते अजून कुणाला कळलेलं नाही.

दरम्यान बॉक्स फाइल फुगत होती. वय-अधिवास, चारित्र्य दाखला, सहावीतल्या वक्तृत्वाचं ढाल घेतलेलं छायाचित्र, एमएससीआयटी, भजनी मंडळाचं पत्र. शिफारशींसाठी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, साखर कारखान्याचे एक माजी संचालक. पोरगी म्हणाली, "तीनच लागतात, आणि ज्यांनी मला काम करताना पाहिलंय त्यांचीच. माझ्या दोन मॅडम आणि इंटर्नशिपचे डॉक्टर."

"दे लिहून मजकूर, सह्या आणतो."

"ते स्वतः लिहितात आणि परस्पर पाठवतात. मी ते बघणार नाही असंही मीच लिहून द्यायचं."

आप्पा बराच वेळ गप्प होते. "झेरॉक्स तरी?"

"नाही."

"हा देश चालतो कसा गं?"

दुसरा धक्का गुणपत्रकानं दिला. दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्रात तिला मार्क कमी पडले होते. आप्पांच्या मते असा कागद फाइलमध्ये मधोमध घालायचा, म्हणजे वाचणारा थकलेला असतो. पोरीनं तो विषय पुन्हा अभ्यासला, इंटर्नशिपमध्ये त्यातलंच काम केलं आणि दोन ओळींत तसं लिहून टाकलं. स्वतःच्या अर्जात स्वतःच त्रुटी काढणारा माणूस आप्पांनी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

निवेदनाचा त्यांचा मसुदा शिवनेरीपासून सुरू होऊन लेण्याद्री, ओझर करत खोडदच्या दुर्बिणीपर्यंत येत होता आणि 'लहानपणापासून मला गोरगरिबांच्या सेवेची आवड' इथं टेकत होता. पोरीच्या मॅडमनी सांगितलं होतं की हे शेवटचं वाक्य प्रत्येकाच्याच अर्जात असतं. तू काय पाहिलंस तेवढं लिही. तिनं आजोबांचा तांब्या लिहिला आणि गावातल्या एका वडीलधाऱ्यांविषयी लिहिलं. ते इतरांचं प्रत्येक वाक्य स्वतः पुरं करतात, आणि त्यांच्या शेजारी वाढताना कुणासाठी पाच सेकंद गप्प बसणं किती अवघड असतं ते मला कळलं, असं. पाठवण्याआधी तिनं ते आप्पांना मराठीत वाचून दाखवलं. मी तिथंच होतो. जमिनीकडं बघत होतो.

"चांगलंय," आप्पा म्हणाले. "पण या इसमाचं नाव घाल. सोसायटीचा चेअरमन ना? फार वैताग आहे त्याचा. कुणाला बोलूच दे..."

"...त नाहीत," पोरगी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आप्पांचं वाक्य पुरं केलं होतं. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

चैत्रात प्रवेशाचं पत्र आलं. व्हिसासाठी मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलात जायचं होतं. आप्पा बॉक्स फाइल घेऊन बरोबर गेले आणि बाहेर फुटपाथवर उभे राहिले. आतल्या साहेबानं चार प्रश्न विचारले आणि एकही जोडपत्र न बघता व्हिसा दिला. हे आप्पांना नकारापेक्षा जास्त लागलं. घरी येऊन त्यांनी त्या विद्यापीठाला इंग्रजीत पत्र लिहिलं: सदर अर्ज कोणत्या कागदपत्राच्या आधारे मंजूर केला, याचं कारण लेखी कळवावं, म्हणजे पुढील अर्जदारांस मार्गदर्शन होईल. ईमेलनं पाठवलं. मिनिटभरात उत्तर आलं, तुमचा संदेश मिळाला, आपल्या स्वारस्याबद्दल आभार. ते यंत्रानं पाठवलेलं होतं, पण वर विद्यापीठाची मुद्रा होती. आप्पांनी त्याची रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट केली. सध्या एक मुलगा नर्सिंगसाठी जर्मनीला अर्ज करतोय. त्याच्या फाइलमध्ये ती जोडपत्र क्रमांक चौदा आहे.