षट्कोनाचे प्रकरण

महसूल खात्यात कारकून म्हणून शिरलेला आणि पस्तीस वर्षांनी अव्वल कारकून म्हणून बाहेर पडलेला माझ्यासारखा मनुष्य, अमुक एक प्रकरण आपल्या हातून निकाली निघाले नाही, अशी कबुली सहसा देत नाही. फार तर तो ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे म्हणतो. त्या न्यायाने, मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात लोखंडी कपाटावर जुन्या चादरीत बांधलेले जे एक बोचके आहे, ते गेली चार वर्षे विचाराधीन आहे. त्याला आमच्या घरात गोधडी म्हणण्याचा प्रघात आहे. प्रघातच म्हणायचा, कारण गोधडीने जे करावे अशी अपेक्षा असते, म्हणजे कोणाच्या तरी अंगावर जाऊन पडावे, ते तिने अद्याप केलेले नाही.

मुलीला दिवस गेल्याची वार्ता आली, तेव्हा या प्रकरणाची पहिली नोंद झाली. आमची मुलगी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी व्हरमाँट नावाच्या, हिवाळ्यात बर्फाखाली गडप होणाऱ्या संस्थानात राहते. तेव्हा येणाऱ्या बाळाला आजीच्या हातचे दुपटे हवे, असा ठराव आमच्या सौभाग्यवतींनी मांडला आणि स्वतःच मंजूर केला. थंडीविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा हक्क मुंबईकराला कितपत आहे, हा प्रश्नच आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला, तो दिवस माझे वडील मरेपर्यंत एखाद्या लढाईसारखा सांगत असत; पण त्यानंतर उपनगरातल्या माणसाला गोधडी लागते ती संक्रांतीच्या आगेमागे चार रात्री, आणि त्यातल्या दोन रात्री ती पायाने लाथाडलेलीच असते. तथापि ठराव झाला. पुढे अडचण अशी उपस्थित झाली की, सौभाग्यवतींचे दोन्ही मोतीबिंदू त्याच सुमारास पिकले, डॉक्टरांनी सुईकडे बघण्याचीही मनाई केली आणि दुपट्याचा कार्यभार, कोणताही लेखी हुकूम न होता, माझ्याकडे आला.

आता आपली परंपरागत गोधडी म्हणजे काही अवघड वस्तू नव्हे. संस्कृतातली कंथा, घाटावरची वाकळ आणि आमची गोधडी या एकाच कुळातल्या. जुनी लुगडी एकावर एक अंथरावीत, त्यांवर बसावे आणि धावदोरा घालीत जावे, एवढाच तिचा कायदा. पण कार्यभार हाती आला की त्यात काहीतरी सुधारणा करण्याची जी दुर्बुद्धी प्रत्येक नव्या अधिकाऱ्यास होते, ती मलाही झाली. मुलीने एक नमुना पाठविला होता. त्याचे नाव ‘आजीची फुलबाग’. सहा सारख्या बाजूंचे तुकडे. मध्ये एक, त्याच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, असे एकोणीस तुकड्यांचे एक फूल. अशी सात फुले, म्हणजे तुकडे १३३. फुलांमधल्या वाटेचे निराळे. अमेरिकेत हे षट्कोनांचे वेड पुरातन आहे. तिकडच्या ‘गोडीज लेडीज बुक’ नावाच्या मासिकाने असला नमुना १८३५ सालीच छापला होता, म्हणजे आपल्याकडे बाळशास्त्रींचे ‘दर्पण’ निघाले त्यानंतर तीनच वर्षांनी. मधमाशी तर कोणतेही मासिक न वाचता हेच करीत आली आहे. तिची ही मांडणी सर्वांत काटकसरीची आहे हे गणितज्ञांना सिद्ध करता आले ते १९९९ साली, आणि तोवर एकाही माशीने काम तहकूब ठेवल्याचे ऐकिवात नाही.

माझे धैर्य खचू नये म्हणून मुलीने आणखी एक दाखला दिला. तिच्याच व्हरमाँटातल्या जेन स्टिकल नावाच्या बाईने तिकडच्या यादवी युद्धाच्या काळात एक गोधडी शिवली आणि तिच्या कोपऱ्यावर ‘युद्धकाळात, १८६३, तुकडे ५६०२’ अशा अर्थाची अक्षरे स्वतःच्या नावासह शिवून ठेवली. मुलीला यातून चिकाटीचा बोध अपेक्षित होता. माझ्या मनात मात्र त्या बाईविषयी निराळाच आदर दाटून आला. तुकडे मोजणे, आकडा ठेवणे, त्याखाली तारीख आणि सही करणे, हा बाणा शिवणकाम करणाऱ्याचा नव्हे, अव्वल कारकुनाचा आहे.

कापडाची ददात नव्हती. आईची दोन इरकली लुगडी, खणाच्या चोळ्यांचे उरलेले तुकडे, अस्तराला वडिलांचे धोतर आणि भावनेच्या भरात काढलेला माझा नोकरीतला टेरिकॉटचा सफारी. (या टेरिकॉटविषयी दोन शब्द: हे कापड सत्तरीच्या दशकात आमच्या पिढीने इस्त्रीच्या जाचातून सुटण्यासाठी अंगीकारले, ते मळले नाही, विरले नाही, फाटले नाही आणि, आज कळते, त्यात सुईही जात नाही. दोन सुया मोडल्या, तिसरी अंगुस्तानातून बोटात गेली, तेव्हा सफारी सन्मानपूर्वक सेवामुक्त झाला.) प्रत्येक तुकड्याच्या पोटात षट्कोनी कागद घालून त्यावर कापड दुमडायचे, तुकडे एकमेकांना जोडायचे आणि शेवटी कागद काढून घ्यायचे, अशी या नमुन्याची रीत आहे. कागदाचा प्रश्न आमच्या घरात कधीच नव्हता. मुलीला गणिते सोडवायला म्हणून एका बाजूने कोरे असलेले रद्द मसुदे मी वर्षानुवर्षे घरी आणीत असे. त्यांचा गठ्ठा, विजेची जुनी बिले आणि लग्नपत्रिका एवढी सामग्री तीन गोधड्यांना पुरली असती.

इथेच घात झाला. पहिला षट्कोन मी पट्टी आणि कोनमापक घेऊन बिनचूक काढला. दुसरा पहिल्यावरून कापला, तिसरा दुसऱ्यावरून, चौथा तिसऱ्यावरून. नकलेवरून नक्कल आणि तीवरून पुन्हा नक्कल, ही ज्या खात्यात माझी हयात गेली तिथली मान्य पद्धत. खाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारला की झाले. पण शिक्क्याला जे फसते त्याला भूमिती फसत नाही. दर नकलेत केसभर वाढ होत होत एकोणिसावा षट्कोन पहिल्याहून चांगला अर्ध्या सुताने थोर निघाला आणि फूल जमिनीवर सपाट न बसता, भाजताना पापड उठतो तसे कडेने उठू लागले. दुसऱ्या फुलाच्या वेळी शहाणपण सुचून मी बाहेरचे टाके आवळून घातले. त्याची वाटी झाली. ती बाळाला कुंची म्हणून चालेल, असा अभिप्राय सौभाग्यवतींनी डोळ्यांवरच्या हिरव्या पट्टीआडून, नुसत्या हाताने चाचपून दिला.

खरा छळ मात्र तिठ्यावर होतो. षट्कोनांच्या जोडणीत जागोजाग तीन शिवणी एका बिंदूत भेटतात, निदान भेटाव्यात अशी अपेक्षा असते. माझ्या तीन शिवणी एकमेकींच्या जवळ येत, पाहत आणि भाऊबंदकीतल्या हिस्सेदारांप्रमाणे तोंड फिरवून निघून जात. मध्ये एक छिद्र उरे. मुलुंड पश्चिमेला पाच रस्ता म्हणून जो चौक आहे, तिथे पाच दिशांनी येणाऱ्या रिक्षा, बस, हातगाड्या आणि दुचाक्या यांच्यामधून मी चाळीस वर्षे सुखरूप रस्ता ओलांडीत आलो आहे. पण तीन शिवणींच्या तिठ्यावरून माझी सुई एकदाही धडपणे पार झाली नाही. शिवले की उसवायचे, उसवले की शिवायचे. मधल्या काळात आईच्या लुगड्याच्या काठासारखा निळा दोरा संपला आणि त्या छटेच्या शोधात मी घाटकोपरला दोन दुकाने, मग मेट्रोने अंधेरीला तीन दुकाने, असे पर्यटन केले. मिळाला तो दुकानातल्या दिव्याखाली निळा होता; घरी आल्यावर जांभळा झाला.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी हे सारे पाहत होत्या. मावशी माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आम्ही त्यांना मावशी म्हणतो, त्या आम्हांला काका-काकू म्हणतात, आणि मुंबईत नाती अशीच लागत असल्यामुळे कोणालाच काही वाटत नाही. त्या माणदेशातल्या, सातारच्या त्या दुष्काळी अंगाच्या. एके दिवशी फरशी पुसता पुसता त्या थांबल्या, एक फूल उचलले, कानाशी धरून हलविले आणि म्हणाल्या, “काका, ह्ये कागुद कशापायी घातल्यात? कागदावं निजतंय व्हय कोन?”

मी त्यांना षट्कोनाचे शास्त्र सांगितले. मधमाशीही सांगितली.

“आन् मधनं कशाला धरलंय? कडंनं धरायचं आन् फिरत फिरत मधी यायचं. मधनं धरलं की कापड पळतंय.”

हे वाक्य ऐकून मी अंतर्मुख झालो, असे लिहिणे लेखाच्या दृष्टीने बरे दिसले असते. प्रत्यक्षात मला राग आला. उरलेली लुगडी आणि धोतर घेऊन मावशी घरी गेल्या आणि एकोणिसाव्या दिवशी एक दुपटे घेऊन आल्या. कडेने सुरू झालेला धावदोरा चौकोनात चौकोन असा आत आत येत नेमका मध्यावर संपला होता. चार कोपऱ्यांवर खणाची चार ठिगळे. नमुना नाही, हिशेब नाही, सही नाही. तेच दुपटे व्हरमाँटला गेले, आणि बाळ त्याच्यावर रीतसर निजले व त्याने ते रीतसर ओले केले. माझ्या फुलबागेला बारशापर्यंत, मग उष्टावणापर्यंत, मग पहिल्या वाढदिवसापर्यंत अशा तीन मुदतवाढी मिळाल्या; चौथा अर्ज मी केला नाही.

गेल्या डिसेंबरात नातू इथे आला. साडेतीन वर्षांच्या मनुष्याला कपाटावरचे बोचके दिसते, हे ज्यांच्या घरी असा मनुष्य येऊन गेला त्यांना सांगणे नलगे. त्याने पापड, कुंची आणि अर्धवट जुळलेली आणखी तीन फुले फरशीवर पसरली आणि कागद अजून पोटातच असल्याने हात पडताच ती कुरडईसारखी वाजली. पोर हरखले. दाबले की वाजते असे पांघरूण त्याच्या देशातही नव्हते. रात्री ते त्यालाच उराशी धरून निजले.

तो झोपल्यावर सौभाग्यवतींनी, आता दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसत असल्याने, निदान कागद तरी काढावेत म्हणून कातर घेतली. पापडाच्या मधल्या तुकड्यातून पिवळा पडलेला कागद निघाला. “अक्षर तुमचंच दिसतंय,” असे म्हणून तिने मोठ्याने वाचले, “‘...सबब अर्जदार यांनी त्रुटींची पूर्तता करून पुनश्च’... आणि पुढे?”

“पुढचं शेजारच्या पाकळीत असेल.”

तिने शेजारची पाकळी उसवली. तीत विजेचे बिल निघाले.

“पण हा अर्जदार कोण होता?”

मला आठवेना. पुष्कळ होते. त्या वाक्याचा शेवट शोधण्यासाठी आम्ही आणखी चार पाकळ्या उसवल्या. तीन मसुदे निघाले, तिन्हींत पूर्तता होती, अर्जदार नव्हता.

पहाटे नातू उठला, त्याने फूल दाबून पाहिले आणि हे बोलत नाही, अशी तोंडी तक्रार गुदरली. मी चष्मा लावला, सहाही कागद ज्याच्या त्याच्या पाकळीत परत घातले आणि सुईत दोरा ओवून द्यायला हिला हाक मारली.