अण्णा पडले नाहीत

वृद्ध वडिलांच्या शुश्रूषेसाठी लागणारं साहित्य: एक प्लास्टर, दोन उशा, साडीच्या दुकानाची मोठी प्लॅस्टिकची पिशवी, आंबेहळद (नको म्हटलं तरी घरात असतेच) आणि एक मुलगा. मुलगा पन्नाशीचा असल्यास उत्तम. त्याची कंबर आधीच धरलेली असते, त्यामुळे तो उगाच धावपळ करत नाही.

वडील पडले, हे वडिलांकडून कबूल करून घ्यायच्या भानगडीत पडू नये. आमचे अण्णा ८१ वर्षांचे. श्रावणातल्या एका सकाळी गॅलरीतल्या पायपुसण्यावरून घसरले आणि डाव्या हातावर आले. आवाज ऐकून मी धावलो. अण्णा लादीवर, चष्मा तुळशीच्या कुंडीत.

“अण्णा, पडलात?”

“पडलो नाही. बसत होतो. खुर्ची जागेवर नव्हती.”

या विधानाला दवाखान्यापर्यंत हात लावू नये. तिथे केसपेपरवर ‘घसरून पडले’ असं लिहिलेलं पाहून अण्णांनी ते खोडायला सांगितलं. ३१ वर्षं रेल्वेच्या हिशेब खात्यात काढलेला माणूस. कागदावर चुकीची नोंद राहिलेली त्यांना चालत नाही.

मात्र दवाखान्यात पोहोचण्याआधी तीन कामं करायची असतात आणि ती कोणीच करत नाही. दंडाला धरून माणसाला ओढून उभं करायचं नाही. आधी बसल्याजागी डोकं आपटलं का ते विचारायचं. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर माणूस कितीही हसत असला तरी त्याला थेट दवाखान्यात न्यायचं. (एवढं वाक्य गंभीरपणे वाचावं. पुढे पुन्हा विनोदी वाचायला हरकत नाही.) आणि सूज चढायच्या आत हातातली अंगठी काढायची. आमच्याकडे ती पुष्कराजाची होती आणि आईचं म्हणणं, काढायचीच तर गुरुवार बघून काढा. त्या दिवशी मंगळवार होता. तिचं लक्ष आंबेहळद उगाळण्याकडे गेलं तेवढ्यात मी साबण लावून अंगठी उतरवली. तोवर मनगटावर लेप चढला होता, त्यामुळे क्ष-किरण विभागात आम्ही पिवळा हात घेऊन पोचलो.

हाडांचे डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगणारे होते. पडताना माणूस आपसूक हात पुढे करतो, सगळा भार तळव्यावर येतो आणि मनगटाच्या जरा वर हाड मोडतं. डब्लिनच्या अब्राहम कॉलीस या सर्जननं १८१४ साली या फ्रॅक्चरचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्याचं नाव. बाजूनं पाहिलं तर हात जेवायच्या काट्यासारखा वाकलेला दिसतो. अण्णांनी हात बाजूनं पाहिला आणि म्हणाले, “पळीसारखा दिसतोय.” मग थोडा हिशेब करून: “एक्स-रेचा शोध १८९५चा. म्हणजे ८१ वर्षं आधी त्याला नुसतं बघून कळलं. मग आमचा फोटो कशाला काढलात?” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी मुलानं भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत राहावं.

हाड फार सरकलेलं नव्हतं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर भिजवून गुंडाळलं की घट्ट होताना गरम होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं; तरी अण्णांनी “इस्त्री करताय का?” असं विचारून घेतलंच.

घरी आल्यावर हात छातीच्या वर, उशांवर ठेवायचा आणि बोटं सारखी हलवत राहायची. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा प्लास्टरच्या आत सहन होणार नाही इतकं दुखायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. या कामासाठी आमची नागपूरची ताई दिवसातून तीनदा व्हिडिओ कॉल करायची. अण्णांचा चेहरा तिला दिसत नसे. मोबाइलभर फक्त पाच बोटं असत. “हलवा,” ती म्हणे. अण्णा हलवत. “नमस्कार,” ती म्हणे, आणि फोन बंद.

खाज हा स्वतंत्र विषय आहे. दहाव्या दिवसापासून प्लास्टरच्या आत खाज सुटते आणि तेव्हापासून घरातली प्रत्येक लांब, बारीक वस्तू संशयित ठरते. आत काडी घालून खाजवलं की कातडी सोलवटते, जखम चिघळते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मी आईची क्रोशाची सुई जप्त केली, पट्टी लपवली, उदबत्त्या देव्हाऱ्यातून फडताळावर नेल्या. त्यानंतर चौथ्या दिवशी प्लास्टरमधून चंदनाचा वास यायला लागला.

औषधांत एकच धोक्याची जागा आहे. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, रोज नाही. आई मात्र पुडी बघून म्हणाली, “एवढीशीच? रोज दिली तर हाड लवकर सांधेल.” पुड्या माझ्या ऑफिसच्या बॅगेत राहिल्या. बदल्यात तिला नाचणी मोकळी सोडली. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट, हे मी बोलून गेलो आणि पुढचे सहा आठवडे आंबील, भाकरी, सत्त्व, लाडू या क्रमानं फेडलं. रुग्णापेक्षा मीच जास्त नाचणी खाल्ली. माझी हाडं सध्या उत्तम आहेत.

समाचाराला येणाऱ्यांना थोपवता येत नाही. ते मोसंबी आणतात आणि स्वतःच्या फ्रॅक्चरची गोष्ट सांगून जातात. पण इथे मुलाला एक महत्त्वाचा अभ्यास करता येतो: पडण्याची गोष्ट कशी वाढते. पहिल्या पाहुण्यांना अण्णांनी खुर्चीचीच कथा सांगितली. दुसऱ्यांच्या वेळी लादी ओली झाली. तिसऱ्यांच्या वेळी गॅलरीत कबुतर शिरलं. समोरच्या विंगमधले काका आले तेव्हा कबुतर जखमी होतं, मागे मांजर होतं आणि अण्णा मध्ये पडले होते. (पडले! शब्द त्यांचाच. पण मध्ये पडणं वेगळं.) स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “पायपुसणं होतं.” काकांनी ऐकलं नाही. पायपुसणं मी दुसऱ्याच दिवशी टाकून दिलं. वृद्ध माणूस असलेल्या घरात सुटं पायपुसणं म्हणजे मांडून ठेवलेला सापळा. आईनं ते कचऱ्यातून परत आणलं, कारण ते तिच्या जुन्या इरकलीचं होतं. आता ते भिंतीवर टांगायचं का, यावर आमची बोलणी चालू आहेत.

आता मुख्य प्रकरणाकडे यायला हवं. ते कुठल्याही डॉक्टरनं सांगितलेलं नाही. पायजम्याची नाडी एका हातानं बांधता येत नाही.

मी इलॅस्टिकचे तीन पायजमे आणले. अण्णांनी एक ताणला आणि सोडला. टप्प असा आवाज झाला. “ही चड्डी आहे,” ते म्हणाले आणि घडी न मोडता परत दिले.

तेव्हा पहिल्या दिवशी मी गुडघ्यावर बसलो. अण्णा सरळ उभे, प्लास्टरचा हात खांद्याशी, नजर वर. माझी नजर नाडीवर. दोघांच्याही मधे बोलण्यासारखं काही नव्हतं. “पंख्यावर जळमटं झालीत,” अण्णा म्हणाले. “रविवारी काढतो,” मी म्हणालो आणि भीतीपोटी निरगाठ मारली. रात्री पावणेदोनला त्यांना उठायचं होतं. अंधारात, कारण रात्रीचा छोटा दिवा त्यांना चालत नाही, ‘घर काय लॉज आहे?’ गाठ सुटेना. त्या तीन मिनिटांत अण्णा जे बोलले ते रेल्वेच्या भाषेतलं होतं आणि मी लहानपणी कधी ऐकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझी शिकवणी झाली. नाडी खुर्चीच्या पाठीला बांधून. “उजवी वर. डावी खालून. आता पूर्ण ओढायची नाही, अर्धीच. शेपूट बाहेर राहिलं पाहिजे. ही सुरगाठ. शेपूट ओढलं की सुटली. पुन्हा कर.” मी तीनदा केली. तिसऱ्यांदा त्यांनी उजव्या हातानं शेपूट ओढून तपासली, आणि मगच माझी नेमणूक कायम झाली. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ पंख्याबद्दल, पावसाबद्दल, महागाई भत्त्याबद्दल आमचं बोलणं व्हायला लागलं. एरवी एवढं कधी झालं नव्हतं. न्हाणीघराची कडी मात्र आतून लावायची नाही, हा करार त्यांनी सहाही आठवडे पाळला.

प्लास्टर काढलं त्या दिवशी डॉक्टरांनी करवत आधी स्वतःच्या तळव्यावर टेकवून दाखवली. ती नुसती थरथरते, कातडी कापत नाही. आतून निघालेला हात बारीक, पांढुरका, सालपटं निघालेला होता आणि मनगट अजून आखडलेलं. व्यायामाचा कागद मिळाला: मऊ चेंडू दाबा, कोमट पाण्यात बोटं चालवा, घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा न्हाणीघरात गेले आणि कडी लागल्याचा आवाज आला. आई आणि मी बाहेर उभे. पाच मिनिटं. दहा. आई हळूच म्हणाली, “हाक मारू का?” मी नको म्हणून खूण केली. वीस मिनिटांनी अण्णा बाहेर आले. पायजमा जागेवर, नाडी बांधलेली, केस विंचरलेले. आमच्याकडे न बघता त्यांनी पेपर मागितला. आईनं दिला. कोणी काही बोललं नाही.

रात्री दीडला हाक आली, अगदी दबकी.

“कात्री आण. दिवा लावू नकोस.”