पाकिटावरचं बोंड

मे महिना लागला की जळगाव-धुळ्याच्या कृषी केंद्रांबाहेर कपाशीचे फलक झळकू लागतात. फलकावरच्या झाडाला पानं कमी आणि बोंडं जास्त. शेजारी एक शेतकरी उभा असतो. त्याचं हसू पाहून वाटतं, याला कापसाचा भाव अजून कुणी सांगितलेला दिसत नाही. पाकिटात सरकी ४७५ ग्रॅम. २०२५ च्या हंगामात सरकारनं त्याची कमाल किंमत ९०१ रुपये ठरवली होती. पण ज्या वाणाचा बोलबाला झाला, त्याचं पाकीट काउंटरवर कधी नसतंच. ते ‘आतून’ आणावं लागतं आणि आतला भाव वेगळा असतो. गुलाबी बोंडअळी काही चित्रात नसते. ती नंतर येते, बिनबोलावता.

आमचा खानदेशी माणूस म्हणतो, आपण काही चित्राला भुलणारे नाही. आणि दुसऱ्या दिवशी चित्रातलंच वाण मागतो.

अशा मुलखात एखादा पोरगा अठरा वर्षांचा झाला, एफवायला नाव घातलं आणि यात्रेत दोन बऱ्या कुस्त्या मारल्या, तर त्याचं पुढं काय होणार? त्याचाही फलक होणार.

तो फलक जरा जवळून बघा. वरच्या ओळीत पक्षाचे दिल्लीचे नेते, त्याखाली मुंबईचे, त्याखाली जिल्ह्याचे, मग तालुक्याचे. उजव्या अंगाला हात जोडलेले, गॉगल लावलेले, भगव्या-निळ्या-हिरव्या उपरण्यांतले शुभेच्छुक. त्यांच्या गर्दीत, जागा उरली तिथं, खुद्द पैलवान. खांद्यावर गदा. ती त्याची नाही, फोटोपुरती कुणाची तरी आणलेली. नावाच्या आधी ‘खानदेशचा ढाण्या वाघ’ आणि नावानंतर ‘महाराष्ट्र केसरीचा प्रबळ दावेदार’. त्याचा वजनगट कुठं लिहिलेला नाही. पहाटे चार वाजता उठवून ज्यानं त्याच्याकडून जोर-बैठका काढून घेतल्या त्या वस्तादाचं नावही नाही. फ्लेक्स छापणाऱ्याचा मोबाइल नंबर मात्र खालच्या कोपऱ्यात ठळक आहे. सगळ्या फलकावर पडताळून पाहता येईल अशी माहिती तेवढीच.

कुस्तीचा हंगाम तर अजून लांब. माघात शिरपूरचा खंडेराव, चैत्रात धुळ्याची एकवीरा, वैशाखात अमळनेरचे सखाराम महाराज, अशी यात्रांची रांग लागायला वेळ आहे. कॉलेजची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही व्हायची आहे. पण चहाच्या टपरीवर निकाल लागून मोकळा झालेला असतो. ‘आपला पोऱ्या शे भो!’ या एका वाक्यात पोराची ताकद, दम, डाव, भवितव्य सगळं मोजून होतं. त्यानं मारलेल्या दोन कुस्त्यांत समोरचे गडी कोण होते, असं विचारणारा माणूस टपरीवर बसतच नाही. बसला तर त्याला ‘तुला काय कळतं’ म्हणून उठवतात.

आणि रील. सत्तावीस सेकंदांचं. मागं ढोल, पुढं पोरगा, धोबीपछाड मारताना चित्र मुद्दाम हळू केलेलं. समोरच्याचा चेहरा तर दिसू देत नाहीत. दिसला असता तर कळलं असतं की तो दहावीतला आहे.

हे फक्त कुस्तीचं नाही, आणि फक्त खानदेशाचंही नाही. कल्याणच्या प्रणव धनावडेची गोष्ट आठवा. जानेवारी २०१६. भंडारी कप, शाळांमधली सोळा वर्षांखालची स्पर्धा. के. सी. गांधी शाळेच्या या पोरानं नाबाद १००९ धावा काढल्या. १२९ चौकार, ५९ षटकार. ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ पासूनचा नाबाद ६२८ चा विक्रम मोडला. जगभरच्या वर्तमानपत्रांत नाव आलं. सचिननं बॅट पाठवली, मुंबई क्रिकेट असोसिएशननं महिन्याला दहा हजारांची शिष्यवृत्ती लावली. समोरच्या आर्य गुरुकुल शाळेनं दोन डावांत मिळून ८३ धावा केल्या होत्या, ३१ आणि ५२. हा आकडाही त्याच धावफलकावर होता, कुणी झाकून ठेवला नव्हता. पण १००९ पाहिल्यावर माणूस ३१ कशाला वाचेल?

पुढच्या वर्षी फॉर्म गेला आणि शिष्यवृत्ती नको, असं म्हणायची वेळ घरच्यांवर आली. या सगळ्या प्रकरणात शहाणपणानं वागलं कोण, तर हे घर. मिळत असलेले पैसे ‘नको’ म्हणायला जे लागतं, ते अग्रलेख लिहिणाऱ्यांपैकी कुणाकडं होतं?

पृथ्वी शॉ चौदाव्या वर्षी हॅरिस शील्डमध्ये ३३० चेंडूंत ५४६ धावा काढून बसला, नोव्हेंबर २०१३ मध्ये. तो निदान फलकाबरहुकूम चालला. २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक त्याच्या कप्तानीत जिंकला, त्याच वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात शतक. नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात पंचाहत्तर लाखांच्या पायाभूत किमतीलाही कुणी हात वर केला नाही. तेव्हा जी तोंडं ‘दुसरा सचिन’ म्हणून दमली होती, त्यांनीच ‘मला आधीच वाटलं होतं’ म्हणायला सुरुवात केली. २०२५ मध्ये तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळायला आला आणि चंडीगडविरुद्ध रणजीत द्विशतक ठोकलं. मग ती तोंडं पुन्हा पहिल्या पानावर. तेव्हा पोराचं वय अवघं पंचवीस, आणि तेवढ्यात त्याला दोनदा डोक्यावर घेऊन एकदा पुरून झालं होतं.

आमच्या जिल्ह्याचा खरा पैलवान कोण, हे फ्लेक्सवाल्यांनाही माहीत आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी. २०१४ ला अहमदनगर, २०१५ ला नागपूर, २०१६ ला पुण्यातलं वारजे. लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी. ही स्पर्धा १९६१ पासूनची, आणि सलग तीन गदा त्याच्या आधी एकट्या नरसिंग यादवनं उचललेल्या. त्यानंतर सरकारनं त्याला पोलीस उपअधीक्षक केलं. वर्दी अंगावर आल्यावर तरी माणूस पोट सोडतो. यानं २०२३ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला जागतिक पोलीस आणि अग्निशमन क्रीडा स्पर्धेत १२५ किलो गटात सुवर्ण घेतलं.

आता या यशात आपला वाटा किती, ते हिशेबाला बसून सांगा. पोरगा आमचा, माती आमची, पण घडण्यासाठी जावं लागलं पुण्याला. आमच्याकडून गेलं ते अभिनंदन. तेही निकालानंतर.

वारज्याला त्याच्याकडून हरलेला अभिजित कटके पुढच्याच वर्षी भूगावला महाराष्ट्र केसरी झाला, आणि २०२३ मध्ये हिंदकेसरी. हरल्यावर त्याला एक वर्ष मिळालं, इतकंच. आमचा फ्लेक्सवरचा ढाण्या वाघ पहिल्या फेरीत चितपट झाला, तर त्याला वर्ष सोडा, परतीच्या एसटीत शेजारची जागाही मिळत नाही. स्टेटसवरचे फोटो संध्याकाळपर्यंत उतरतात. फलक मात्र महिनाभर राहतो, कारण तो उतरवायचे पैसे कुणी दिलेले नसतात. पोराला रोज कॉलेजला जाताना स्वतःच्याच खालून जावं लागतं.

आणि तो हरतो का, हेही बघा. यात्रेतली दंगल मातीवर, कुस्ती निकाली, पाठ लागेपर्यंत. जिल्ह्याबाहेर गेलं की बहुतेक गादी, पायात बूट, तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, आणि गुणांचा हिशेब. मातीत दम काढून समोरच्याला थकवणारा पोरगा गादीवर थकवायला लागेपर्यंत शिट्टी वाजलेली असते. हे त्याला कुणी शिकवायचं? ज्या पैशात दहा चौकांत दहा फलक लागतात, त्यात गादी होत नसेल. पण गादी ज्या गावात आहे तिथं जाऊन-येऊन सराव करायचं भाडं नक्की निघतं. पैलवानाचं दूध, बदाम, तूप तर विचारूच नका. ते अजूनही बापाच्या म्हशीवर आणि आईच्या भिशीवर चालतं.

क्रिकेटवाल्या पोरांची तऱ्हा तीच, फक्त खर्च ट्रॅव्हल्सचा. जळगाव, धुळे, नंदुरबार ही महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या पदरातली, आणि पदर पुण्यात. निवड चाचणी सकाळी. म्हणजे किट घेऊन रात्रभर बसायचं आणि सुजलेल्या डोळ्यांनी नव्या चेंडूसमोर उभं राहायचं. पुण्याचा पोरगा घरून पोहे खाऊन येतो. २०२३ ला महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा संघ सहा: पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, छत्रपती संभाजीनगर. खानदेशचा एकही नाही. सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीनं त्याच पहिल्या वर्षी नाशिककडून खेळताना एका डावात तेरा षटकार मारले आणि पुढच्या आयपीएलसाठी लखनौनं त्याला वीस लाखांना घेतलं. पोराचं रात्रीतून नाव व्हायला आधी उभं राहायला एक मैदान लागतं, हे त्यावरून कळायला हरकत नव्हती. आमच्याकडं काय कळलं? आमच्याकडं आमदार चषकाची बक्षिसं वाढली.

कुणी म्हणेल, उगाच खानदेशाला बोलताय, असला बाजार जगभर आहे. आहे ना! अमेरिकेत कॉलेजांचा फुटबॉल असतो, नाव पायाचं आणि काम बहुतेक हातांचं. शाळेतल्या पोरांना तारे देऊन ठेवणाऱ्या कंपन्या आहेत तिथं. पाच तारेवाला पोरगा कुठल्या विद्यापीठात जाणार यावर टीव्हीवर तास तास चर्चा. २०२४ ला ओहायो स्टेट विद्यापीठात जेरेमाया स्मिथ नावाचा रिसीव्हर आला, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू पळता पळता झेलणारा गडी. पहिलंच वर्ष, अजून एक चेंडू झेललेला नाही, आणि बोभाटा असा की आमच्या तालुकाध्यक्षांनीही शिकावं. पोरानं तो खरा केला: १,३१५ यार्ड, झेलांवर १५ टचडाउन, आणि संघ राष्ट्रीय विजेता. पुढच्या वर्षी टेक्सास विद्यापीठाच्या आर्च मॅनिंग नावाच्या पोराचे ढोल. हंगामाआधीच्या क्रमवारीत टेक्सास पहिलं. पहिलाच सामना त्याच ओहायो स्टेटशी, आणि १४-७ नं पराभव. ढोल तिकडंही फुटतात.

फरक पैशाचा आहे. १ जुलै २०२१ पासून तिथल्या कॉलेजच्या खेळाडूला आपल्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घेता येतात. २०२५-२६ पासून विद्यापीठानं थेट खेळाडूंना पैसे वाटायलाही परवानगी आहे, एका विद्यापीठाला त्या पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. म्हणजे गाजावाजा करा, फलक लावा, पण पोराचा चेहरा वापरलात तर त्याचा हिस्सा त्याच्या खात्यात टाका. आमच्याकडं पोराचा चेहरा फुकट. त्याच्या फोटोवर पुढारी मोठा होतो, फ्लेक्सवाल्याचं बिल निघतं, रीलवाल्याचे फॉलोअर वाढतात, आणि पोराला शाल, श्रीफळ आणि ‘नाव काढ बाळा’. उद्या पडला तर ते नावही आपण परत घेतो.

यावर अमेरिकेसारखा कायदा करा असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडं कायदा झाला तर त्याच्या स्वागताचे आधी फलक लागतील.

म्हणणं साधं आहे. फलक लावायचाच असेल तर त्यावर चार गोष्टी छापायची सक्ती करावी: पोराचा वजनगट, वस्तादाचं नाव, गेल्या हंगामात तो कुणाकडून हरला, आणि शुभेच्छुकांपैकी कुणी किती महिने त्याचं दूध घातलं. चौथ्या मुद्द्यापाशी निम्म्याहून जास्त फोटो आपोआप गळतील. फलक लहान होईल, रस्ताही मोकळा दिसेल.

आणि वाचक मंडळी, तुम्हालाही एक सांगायचंय. यंदा दंगलीला गेलात तर शेवटच्या मोठ्या जोडीसाठी सूर्य कलल्यावर जाऊ नका. दुपारीच जा. तेव्हा रेवड्यांवरच्या कुस्त्या चालू असतात. दहा-बारा वर्षांची पोरं, लंगोट सैल, नाकात माती, पाहणारे मोजके आणि पंचाचं अर्धं लक्ष जेवणाकडं. त्यांच्यापैकी कुणाचाही फलक लागलेला नाही. एखादा चांगला लढला तर वरून शंभराची नोट लावा. पडलेल्यालाही बोलावून त्याला निम्मे द्या, आणि घरी जाताना त्याच्या वस्तादाला विचारा की महिन्याला काय कमी पडतं.